खेळला का?

आई, परवा अमेरिकेतून एक ईमेल आला. आपल्याकडे राहायचा तो बास्केटबॉल खेळणारा मुलगा गेला. त्याच्या बायकोनं कळवलंय. मी तिला कधी भेटले नाही, पण त्याच्या फोनमधल्या प्रत्येकाला ती एकेक करून लिहितेय आणि त्यात माझंही नाव निघालं. सकाळी उठून घराबाहेर खुर्चीत बसला, कॉफी मागितली, आणि ती कप घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तिला उत्तर लिहायला बसले. दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या. मग लक्षात आलं की मला जे सांगायचंय ते तिला नाहीच, तुला आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझा आवाज सरळ आठवत नाही. आधी तुझं एखादं वाक्य आठवावं लागतं, मग त्याच्या मागून आवाज येतो. तुझ्याशी मी इंग्रजीत कधी बोलले नाही. शाळेतून येऊन बोलायला लागले तर तू ऐकूच न आल्यासारखी कणीक मळत राहायचीस. म्हणून मराठीत लिहितेय.

तो आला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. बाबा अबरडीनला तेलाच्या कंपनीत, महिन्यातून एकदा कॉव्हेंट्रीला घरी यायचे. तू हॉस्पिटलमध्ये हृदयविकाराच्या विभागात स्टाफ-ग्रेड डॉक्टर, म्हणजे काम कन्सल्टंटएवढं आणि दारावर नावाची पाटी नाही. तुझ्या वॉर्डच्या सिस्टरचा नवरा इथल्या बास्केटबॉल क्लबच्या कमिटीवर होता. क्लबनं अमेरिकेहून एक खेळाडू आणलाय, सीझनभर राहायला खोली हवी, असं तिनं सहज विचारलं आणि तू हो म्हणालीस. नागपूरहून आलेल्या सख्ख्या मावसभावालाही चौथ्या दिवशी परतीचं तिकीट विचारणारी तू. मी कारण विचारलं, तर मागची खोली रिकामीच आहे की, एवढंच म्हणालीस. पाटी नसलेल्या माणसाला दुसऱ्या पाटी नसलेल्या माणसाबद्दल काही वाटत असेल, हे मला बरंच नंतर सुचलं.

सप्टेंबरात एका संध्याकाळी क्लबची स्टिकरं लावलेली एक इवलीशी गाडी दारात थांबली आणि तिच्यातून तो बाहेर पडत राहिला. आधी पाय, मग बराच वेळ काहीच नाही, मग खांदे. आपल्या दारातून वाकून आत आला आणि तुला 'मॅम' म्हणाला. पलंग त्याला पुरेना, तर नागपूरहून आणलेली लोखंडी पेटी तू पायथ्याशी लावलीस, वर दोन उशा टाकल्यास, आणि सीझनभर त्याचे पाय त्या पेटीवर झोपले. तुझं डॉक्टर असणं कळल्यापासून तो तुला 'डॉक' म्हणायला लागला. तू त्याला 'अरे' म्हणायचीस, आणि त्याला वाटायचं हे त्याचं मराठी नाव आहे.

त्याची कहाणी तो जेवताना सांगायचा, तुकड्यातुकड्यांनी. लहान गाव, आई शाळेच्या कॅन्टीनमध्ये, वडील तो अकरा वर्षांचा असताना वारले. कॉलेजात चांगला खेळला, पण कॉलेजच मुळात कुणी न पाहिलेलं. मोठ्या लीगमध्ये त्याला कोणी घेतलं नाही, दुसऱ्या फळीतल्या एका टीमनं ट्रायलला बोलावून परत पाठवलं. त्याचे मित्र विमा विकायला लागले, गोदामात लागले. हा एका एजंटच्या भरवशावर फिनलंडला गेला, अंधारात एक हिवाळा खेळला, आणि तिथून इंग्लंडात. तू एकदा विचारलंस, घरापासून इतक्या लांब, इतक्या थोडक्या पगारावर, कशासाठी? त्यानं पासपोर्ट आणून व्हिसा दाखवला. खेळाडू, व्यावसायिक. घरी मी थोडक्यात हुकलेला पोरगा आहे डॉक, म्हणाला, आणि इथं सरकारनं शिक्का मारून सांगितलंय की मी प्रोफेशनल आहे. तू त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिलीस आणि मग त्याच्या ताटात आणखी भात वाढलास. 'बस' हा शब्द तो तुझ्या गोळाभातामुळे शिकला. दोन्ही हात ताटावर धरून बस डॉक, बस म्हणायचा, आणि तू हातांच्या फटीतून फोडणीचं तेल सोडायचीस.

रविवारी दुपारी त्याच्या मॅचेस असत, क्रीडा केंद्राच्या हॉलमध्ये. जमिनीवर बॅडमिंटनच्या आणि कसल्या कसल्या रेघा, शेजारच्या स्विमिंग पूलमधला क्लोरीनचा वास, फळकुटाच्या बाकांवर पालक आणि ढोल बडवणारी शाळेची मुलं. मी जायची, तू कधी यायची नाहीस. रविवारी तुला इस्त्री असायची. घरात दारांना घाबरून चालणारा हा माणूस तिथं वेगळाच दिसायचा. बॉल हातात आला की त्याला घाई नसायची. समोरचे तिघे धावून यायचे आणि हा जणू त्यांना आधी वाट करून देतो, मग त्यांच्यामागून निघून जातो. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण एखादं माणूस आपल्या जागी आहे हे कळायला खेळ कळावा लागत नाही.

फेब्रुवारीतली ती संध्याकाळ तुला आठवत असेल. तू पोळ्या लाटत होतीस. तो फ्रीजला टेकून उभा, मी टेबलाशी अभ्यास करत. हसत हसत सांगायला लागला की प्रॅक्टिसमध्ये गंमतच झाली, पळता पळता कुणीतरी लाइट घालवावेत तसं झालं, डोळे उघडले तर सगळे वाकून बघतायत. दुपारी जेवलो नव्हतो, म्हणाला. तुझं लाटणं थांबलं. याआधी झालं होतं का? एकदा झालं होतं, फिनलंडला. वडील कशानं गेले? हृदय, म्हणाला, अंगणातलं गवत कापत होते. वय? चौतीस. तू गॅस बंद केलास. तव्यावरची पोळी तशीच राहिली. बॅगेतून स्टेथोस्कोप आणलास, त्याला खुर्चीत बसवून ऐकलंस, मग म्हणालीस, उकिडवा बस. तो आपल्या लहानशा स्वयंपाकघरात उकिडवा बसला. आता उभा राहा. तू स्टुलावर चढून त्याच्या छातीला ते लावून ऐकत राहिलीस. पुन्हा बस. पुन्हा उभा राहा. त्याला हसू येत होतं. मी तुझा चेहरा बघत होते, आणि माझ्या हातातलं पेन कधी खाली ठेवलं मला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात हृदयाचा एको झाला. तू ओळखलं होतंस तेच तुझ्या कन्सल्टंटनं सांगितलं: हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत जन्मापासून जाड, वडिलांकडून आलेली, स्पर्धेचा खेळ बंद. तो घरी आला आणि कोट न काढता तुझ्यासमोर बसला. तुमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं, पण मला ते मराठीतच आठवतं.

"डॉक, तुम्ही मला काय करायला सांगताय?"

"थांब. एवढंच. चाल, पोह, लहान मुलांना शिकव. पण हे थांबव."

"आणि मग मी कोण?"

"जिवंत माणूस," तू म्हणालीस.

तो अगदी हळू म्हणाला, "माझे वडील खेळत नव्हते, डॉक. ते गवत कापत होते. गवत कापूनही मरायचंच असेल तर मी गवत का कापू?"

तू आकडे सांगितले नाहीस, धाकही घातला नाहीस. तू आईसारखी त्याच्या कोटाची बटणं काढायला लागलीस, आणि त्यानं तुझे हात धरून बाजूला केले. दुखावेल असे नाही, पण केले.

क्लबला त्यानं काही सांगितलं नाही. सीझनची शेवटची मॅच जवळ आली होती, जिंकले तर प्ले-ऑफ. मी तुला म्हणाले, तू सिस्टरच्या नवऱ्याच्या कानावर घाल ना, एक फोन कर, ते त्याला उतरवणारच नाहीत. तू माझ्याकडे अशी वळलीस की मी मागे सरकले. "त्यानं मला विश्वासानं सांगितलंय. ते मी बाहेर नेलं, तर उद्या कोणता पेशंट तोंड उघडेल माझ्यासमोर? आणि काहून गं, त्याचं आयुष्य काय आपल्या हातातलं लाटणं आहे?" मी रडले. मला वाटलं तू नियमाला धरून बसली आहेस आणि तो मरणार आहे. तू मला जवळ घेतलं नाहीस. दोन दिवस आपण कामापुरतं बोललो.

शनिवारी तू मला लेस्टरला घेऊन गेलीस. बेलग्रेव्ह रोडला भाजी घ्यायची आहे म्हणालीस, आणि घेतलीही, गवार, मेथी, कोवळी वांगी. मग तुझ्या फॅमिली डॉक्टर मैत्रिणीकडे गाडी थांबवलीस. तिच्या दवाखान्यातलं, बंद पडलेल्या हृदयाला शॉक द्यायचं मशीन ती दारातच घेऊन उभी होती. तिनं काही विचारलं नाही. परतीच्या वाटेवर ते माझ्या मांडीवर होतं, मेथीच्या पिशवीशेजारी.

आणि रविवारी तू इस्त्री केली नाहीस. तू त्या हॉलमध्ये आलीस, तुझा करडा कोट घालून, आणि अगदी पुढच्या बाकावर, बास्केटच्या जवळ बसलीस. मशीनची बॅग पायाशी. तो वॉर्मअप करताना आपल्याकडे बघून हात हलवतो. मग त्याची नजर बॅगेवर जाते आणि हात तसाच राहतो. शिटी वाजते. आई, त्या दिवशी तो जसा खेळला तसा मी त्याला कधीच पाहिला नव्हता. ढोल बडवणारी मुलं बडवायचं विसरली. माझ्या मागचा एक म्हातारा दर वेळी 'ओ, लव्हली' म्हणत होता, चहा चांगला झाल्यासारखा. तू स्कोअरबोर्डकडे एकदाही पाहिलं नाहीस. तू त्याच्या तोंडाच्या रंगाकडे बघत होतीस. तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला की तुझा हात बॅगेच्या चेनवर जायचा, तो पळायला लागला की परत मांडीवर. शेवटी थोडक्यात हरले. तो जमिनीवर बसून राहिला, घामानं निथळत, जिवंत. तू बॅग उचललीस आणि टाळ्या न वाजवता बाहेर गेलीस. कार पार्कमध्ये स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलीस. गाडी सुरू करेनास. "पोटचा असता तर दोन ठेवून दिल्या असत्या," म्हणालीस, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांड्यांखाली दाबून धरलेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुझ्यासाठी चहा करून उभा होता. पाण्यात बुडवलेली पिशवी, वरून थंड दूध, तुला मुळीच न आवडणारा. काल आलात त्याबद्दल थँक यू, म्हणाला. "मी मॅच बघायला आले नव्हते," तू म्हणालीस. चहा मात्र सगळा प्यायलीस.

त्या एका मॅचवर पोर्तुगालच्या एका क्लबनं त्याला घेतलं, इथल्यापेक्षा चांगल्या पगारावर. निघायला त्यानं मुद्दाम तुझ्या ड्यूटीचा दिवस निवडला असं मला तेव्हाही वाटलं. ताट धुऊन ठेवलं, पेटीवरच्या उशा नीट रचल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वाकून दारातून बाहेर पडला. तू संध्याकाळी आलीस, मागच्या खोलीचं दार उघडलंस, बंद केलंस, आणि मला म्हणालीस, मेथी निवडायला घे.

मग ते सोमवार सुरू झाले. तुझा तो जाड कॉम्प्युटर, पोर्तुगीज लीगचं पान, आपल्याला न कळणारी भाषा. पण नावं आणि आकडे सगळीकडे सारखेच. त्याच्या नावापुढे पॉइंट असले म्हणजे तो रविवारी पळाला, उड्या मारल्या, आणि शेवटची शिटी वाजली तेव्हा उभा होता. तू मला कधी म्हणाली नाहीस की हे कशासाठी बघतेस. पदर नसला तरी पदराला हात पुसल्यासारखे हात पुसायचीस, पान उघडायचीस, बोट फिरवायचीस, बंद करायचीस. जेमतेम भाजीला फोडणी बसेल तेवढा वेळ. त्यानं फोन केला नाही, तूही केला नाहीस. मी युनिव्हर्सिटीला गेले, सुट्टीत आले, सोमवार तसाच. दोघांचाही हट्ट असा, की एकमेकांशी न बोलता तुम्ही वर्षानुवर्षं भेटत होतात.

पानगळ सुरू झाली तेव्हा तुझं निदान झालं, आणि झाडांना पुन्हा पालवी फुटायच्या आत तू गेलीस. बाबा नोकरी सोडून आले, मी कोर्स थांबवून आले. तू आम्हाला दोघांनाही रागावलीस. शेवटी शेवटी तुला बसवत नव्हतं. मागच्या खोलीतच पलंग लावला होता, कारण तिथं दुपारचं ऊन येतं. सोमवारी तू डोळे न उघडता विचारायचीस, "खेळला का?" मी शेजारच्या खोलीत जाऊन बघून यायची. खेळला, चौदा पॉइंट. खेळला, नऊ. एका सोमवारी त्यांची मॅचच नव्हती, कसला तरी सण होता, तर तुला पटेना. पान छापून तुझ्या डोळ्यांसमोर धरावं लागलं. कसा खेळला, जिंकले की हरले, हे तू कधीच विचारलं नाहीस. शेवटच्या सोमवारी बावीस पॉइंट होते. मी सांगितलं. तुझ्या ओठांवर काहीतरी हललं, ते 'बरं' होतं की नुसता श्वास, मला सांगता येणार नाही.

तू गेल्यावरही मी बघत राहिले. बाबा नागपूरला परतले, घर माझ्याकडे आलं, मला कौन्सिलच्या घरवाटप खात्यात नोकरी लागली, आणि सोमवारी चहाच्या सुट्टीत मी ते पान उघडायची. मग एका हिवाळ्यात त्याचं नाव दिसेनासं झालं. एक आठवडा, दोन, मग मोजणं सोडलं. मला विचारायला कुणी नव्हतं. तुला काय सांगितलं असतं, असा विचार मनात यायचा आणि मी तो ढकलून द्यायची.

आणि पुढच्या वसंतात तो दारात उभा. मी आधी ओळखलंच नाही. उंची तीच, पण अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. फाटकापासून दारापर्यंत येताना तो मध्ये थांबला होता, मी खिडकीतून पाहिलं होतं, पत्ता शोधणारं कुणी असेल असं वाटलं. प्रॅक्टिसमध्येच कोसळला होता. तिथं कुणीतरी वेळेवर छाती दाबत राहिलं, म्हणून वाचला. आता कॉलरच्या हाडाखाली, हृदय थांबलं तर आतूनच शॉक देणारी डबी बसवलेली, आणि हृदय इतकं थकलेलं की जिना चढवत नाही. अमेरिकेला परत चालला होता, कायमचा. लंडनहून बस पकडून आला होता. आत आल्यावर सवयीनं वाकला, स्वयंपाकघरात पाहिलं आणि म्हणाला, "डॉक ड्यूटीवर?"

मी सांगितलं. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. मी पाणी आणलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं. मग म्हणाला की तुला सांगायला आला होता. तू बरोबर होतीस हे सांगायला नाही, ते तर तुला माहीतच असणार. खेळला त्यातलं एकही वर्ष त्याला परत द्यायचं नाहीये, हे सांगायला. आणि तरीही, कुठल्याही गावात हॉलमध्ये शिरला की आधी पुढच्या बाकाकडे बघायचा, हे सांगायला. मी त्याला सोमवारांबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं, त्या बावीस पॉइंटांपर्यंत. तो मोठ्यानं रडला नाही. एवढा लांब माणूस, गुडघ्यांवर डोकं टेकून आपल्या जिन्याच्या पायरीवर मावेल इतका लहान झाला.

मग त्यानं मान वर करून विचारलं, "ती माझ्यावर रागावली होती का?"

"नाही," मी म्हणाले. लगेच, जराही न थांबता. कधीच नाही.

त्याचे खांदे सैल झाले, ते मी पाहिलं. पाणी प्यायला, बसची वेळ झाली म्हणून निघाला. त्यानंतर वर्षातून एखादा फोन, ख्रिसमसला. शाळेच्या मुलांना खुर्चीत बसून शिकवायचा, लग्न केलं, तू धरून चालली होतीस त्यापेक्षा पुष्कळ जास्त जगला आणि त्याला हवं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी. हे तुला कळावं म्हणून लिहायला घेतलं. हे कुठं पाठवायचं नाही, पाठवायला जागाही नाही. लिहून झालं की कॉम्प्युटर बंद करून कामावर जाईन.

पण एक गोष्ट त्याला सांगितली नाही, ती तुला सांगते. तू रागावली होतीस की नव्हतीस, मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. त्या हिवाळ्यात तू माझ्यासमोर पडून होतीस, दुपारी ऊन यायचं, बोलायला आपल्याला दुसरं काही उरलं नव्हतं, आणि मी तुला कधी विचारलं नाही. तू 'हो' म्हणशील, अशी मला भीती वाटायची.